डेझीबाईंचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. भांडीकुंडी, पोरांची शाळा, आणि सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे शेजार कसा मिळतो. आज मी एका बिऱ्हाडाचीच गोष्ट सांगणार आहे. ते आहे अमेरिकेतलं, 1957 सालचं.

पण आधी ती वसाहत कशी उभी राहिली ते ऐका. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, लग्नं झाली, पाळणे हलले, पण राहायला जागा नाही. तेव्हा लेव्हिट नावाच्या बांधकामवाल्यांनी 1947 साली न्यूयॉर्क शहराबाहेर, बटाट्याच्या शेतात, एकासारखं एक घर बांधायला घेतलं. कामाचे 27 टप्पे पाडले. एक टोळी फक्त पाया घालणार, एक फक्त रंग देणार, आणि एक घर झालं की पुढच्या घरी जाणार. चार वर्षांत 17 हजारांवर घरं उभी राहिली. वस्तीचं नाव पडलं लेव्हिटटाउन.

बायकांना ही घरं आवडली. का नाही आवडणार? घरात फ्रीज, शेगडी, कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा आयतं! नियम मात्र कडक होते. अंगणातलं गवत दर आठवड्याला कापायचं, कुंपण घालायचं नाही, शनिवारी-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. (वाळणाऱ्या कपड्यांनी कुणाचं काय बिघडतं, देव जाणे.) आणि सुरुवातीच्या भाडेकरारात आणखी एक कलम होतं: गोऱ्या माणसांखेरीज कुणी या घरात राहायचं नाही. त्याच कलमात पुढे म्हटलं होतं की घरकामाला दुसऱ्या वर्णाची मोलकरीण ठेवली तर चालेल. म्हणजे तिच्या हातचा स्वयंपाक चालतो, तिचा शेजार चालत नाही. हे ऐकून तुमच्यातल्या कितीजणींना आपलं गाव आठवलं असेल!

1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असली कलमं कोर्टाला अमलात आणता येणार नाहीत. कलम गेलं, पण व्यवहार तोच राहिला. लेव्हिटनं 1952 पासून पेनसिल्व्हेनिया राज्यात दुसरं लेव्हिटटाउन बांधलं, तिथंही 17 हजारांवर घरं, आणि काळ्या माणसाला त्यातलं एकही विकलं नाही.

पण घर एकदा विकलं की ते घेणाऱ्याचं. त्या वस्तीत बी आणि लू वेक्सलर हे ज्यू नवरा-बायको राहत. त्यांच्या शेजारचं घर मालकानं विकायला काढलं. बिल आणि डेझी मायर्स यांना ते हवं होतं. बिल महायुद्धात लष्करात होते. डेझीबाई कॉलेज शिकलेल्या. घरात दोन लहान मुलगे, आणि तिसरं बाळ आल्यावर एक खोली जास्त हवी, एवढीच गरज. बारा हजार डॉलरच्या आसपास पैसे देऊन त्यांनी घर घेतलं.

13 ऑगस्टला सामान आलं. पोस्टमन दारात आला, घरची मालकीण काळी आहे हे त्याला कळलं, आणि त्यानं ती बातमी घरोघर पोचवली. संध्याकाळपर्यंत अंगणापुढे शेकडो माणसं जमली. दगड आले, दर्शनी खिडकीची मोठी काच फुटली. असं रात्रीमागून रात्र चाललं. एका पोलीस सार्जंटला दगड लागून तो बेशुद्ध पडला, तेव्हा कुठे राज्याच्या पोलिसांनी गर्दी पांगवली.

मग त्रास देणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. मायर्सांच्या मागच्या रिकाम्या घरात अड्डा केला, झेंडा लावला, मोठ्यानं गाणी वाजवायला लागले. घरात महिन्या-दोन महिन्यांची लेक होती. अशा गोंगाटात बाळ निजवायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वेक्सलरांनाही सोडलं नाही. त्यांच्या अंगणात क्रूस जाळला, भिंतीवर धमकीची अक्षरं रंगवली. तरी बीबाई हटल्या नाहीत. क्वेकर पंथाची माणसं आणि इतर शेजारीही आले. ते मायर्सांच्या घरात रात्री पाळीपाळीनं सोबतीला बसत. वस्तीत असेही लोक होते, हे सांगायला हवं. त्या वेळी तिथल्या बायकांच्या मुलाखतींचा माहितीपटही निघाला. काहीजणी त्यात म्हणतात, आता आमच्या घरांची किंमत उतरणार. काहीजणी म्हणतात, त्यांनाही इथं राहायचा हक्क आहे. दोघींची घरं एकाच नकाशावरची.

प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्रास देणाऱ्यांना मनाई केली. मायर्स कुटुंब आणखी चारेक वर्षं तिथंच राहिलं आणि 1961 साली, आपल्या सोयीनं, दुसऱ्या गावी गेलं. डेझीबाई पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

1999 साली तिथल्या महापौरांनी डेझीबाईंना बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या झाडाला ‘मिस डेझी’ असं नाव दिलं. डेझीबाई तेव्हा 74 वर्षांच्या होत्या. बिल हे बघायला उरले नव्हते.