घटता महसूल आणि आतल्यांची शेअरविक्री : धोक्याची घंटा कशी ओळखावी?

कंपनीची खरी स्थिती सर्वांत आधी कोणाला कळते? अर्थातच ती चालविणाऱ्यांना. प्रवर्तक, संचालक, मुख्य वित्त अधिकारी आणि वरिष्ठ व्यवस्थापक यांच्यासमोर विक्रीचे आकडे दर महिन्याला, कित्येकदा दर आठवड्याला येतात. सामान्य भागधारकाला मात्र तेच आकडे तीन महिन्यांनी, निकालाच्या दिवशी पाहावयास मिळतात. या अंतरामुळेच आतल्या मंडळींनी केलेल्या शेअरव्यवहारांकडे जाणकार गुंतवणूकदार बारकाईने पाहतात. महसूल घसरत असताना ही मंडळी आपले शेअर विकू लागली, तर त्या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

महसूलच का पाहावा?

नफ्याचा आकडा अनेक मार्गांनी सजविता येतो. घसाऱ्याची पद्धत बदलणे, जमीन किंवा उपकंपनी विकून आलेली रक्कम इतर उत्पन्नात दाखविणे, जाहिरात आणि संशोधनावरील खर्च पुढे ढकलणे, अशा उपायांनी दोन-चार तिमाह्या निभावून नेता येतात. विक्रीच कमी होत असेल, तर हे उपाय फार काळ पुरत नाहीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

महसुलाची तुलना मात्र नेहमी मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी करावी. दिवाळीच्या तिमाहीनंतर दूरचित्रवाणी संच किंवा कपड्यांची विक्री कमी होणे यात चिंतेचे काही नाही. सलग तीन-चार तिमाह्या वार्षिक तुलनेत घट दिसली, तर तो प्रवाह समजावा.

क्वेस्टचे प्रकरण

या विषयातील अत्यंत बोलके उदाहरण अमेरिकेतील क्वेस्ट कम्युनिकेशन्स या दूरसंचार कंपनीचे आहे. २००० मध्ये 'यूएस वेस्ट' ही जुनी टेलिफोन कंपनी ताब्यात घेतल्यानंतर क्वेस्ट मोठ्या कंपन्यांच्या पंक्तीत जाऊन बसली. २००१ या वर्षासाठी २१.३ ते २१.७ अब्ज डॉलर महसुलाचे उद्दिष्ट तिने बाजारापुढे ठेवले होते. जोसेफ नाचिओ हे तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

कंपनीच्या आत चित्र वेगळे होते. ग्राहकांकडून दरमहा येणारा नियमित महसूल अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हता. ही तूट फायबर जाळ्यातील क्षमता एकरकमी विकून, तर कित्येकदा अन्य कंपन्यांशी तिची अदलाबदल करून भरून काढली जात होती. असा महसूल एकदाच मिळतो. पुढच्या तिमाहीत तो पुन्हा शून्यातून उभा करावा लागतो. उद्दिष्ट गाठणे अवघड असल्याचा इशारा वरिष्ठ सहकाऱ्यांनी नाचिओ यांना दिला होता, हे पुढे खटल्यात पुढे आले. तरीही बाहेर उद्दिष्टाचा पुनरुच्चार होत राहिला. एप्रिल-मे २००१ मध्ये नाचिओ यांनी सुमारे ५.२ कोटी डॉलरचे शेअर विकले. सप्टेंबर २००१ मध्ये कंपनीने महसुलाचा अंदाज खाली आणला. नाचिओ विकत असताना ३८ डॉलरच्या आसपास असलेला शेअर ऑगस्ट २००२ मध्ये दोन डॉलरच्याही खाली गेला. निवृत्तीसाठीची पुंजी याच शेअरमध्ये असलेल्या कर्मचाऱ्यांचेही मोठे नुकसान झाले.

गोपनीय सरकारी कंत्राटे मिळतील या खात्रीमुळे आपण कंपनीविषयी आशावादी होतो, अशी नाचिओ यांची बाजू होती. ज्यूरीने एप्रिल २००७ मध्ये त्यांना ४२ पैकी १९ आरोपांत दोषी ठरविले आणि त्यांना सहा वर्षांचा तुरुंगवास झाला. २००८ मध्ये अपिलात रद्द झालेली ही दोषसिद्धी २००९ मध्ये पुन्हा कायम झाली. फेरसुनावणीनंतर शिक्षा ७० महिन्यांवर आली.

या प्रकरणाचा धडा असा, की महसुलाचा एकूण आकडा पुरेसा नसतो. त्यातील नियमित भाग किती आणि एकदाच येणारा भाग किती, हेही तपासले पाहिजे.

सत्यमचा इशारा

भारतात सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या बाबतीत कागदावरील महसूल वाढतच होता. प्रवर्तकांचा हिस्सा मात्र वर्षानुवर्षे आक्रसत गेला. २००१ मध्ये सुमारे २५ टक्के असलेला हा हिस्सा मार्च २००८ पर्यंत नऊ टक्क्यांच्या खाली आला होता. उरलेले शेअरही कर्जासाठी तारण ठेवले गेले होते आणि डिसेंबर २००८ पासून सावकारांनी ते बाजारात विकण्यास सुरुवात केली. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे हिशेबातील फेरफाराची कबुली दिली. ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. आकडे खोटे असू शकतात, पण आपल्याच कंपनीतील हिस्सा कमी होऊ देणाऱ्या प्रवर्तकाची कृती दिसत राहते. याच प्रकरणानंतर प्रवर्तकांनी तारण ठेवलेल्या शेअरची माहिती जाहीर करणे सेबीने २००९ मध्ये बंधनकारक केले.

कायदा काय सांगतो?

आतल्या व्यक्तीने शेअर विकणे हा गुन्हा नाही. भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती हाताशी असताना विकणे, हा गुन्हा आहे. भारतात सेबीचे २०१५ चे नियम यास लागू आहेत. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत अशा व्यक्तींसाठी व्यवहारांची खिडकी सर्वसाधारणपणे बंद असते. एका तिमाहीत दहा लाख रुपयांपेक्षा अधिक मूल्याचे व्यवहार झाल्यास संबंधितांनी दोन कामकाजी दिवसांत कंपनीस कळवावे लागते आणि कंपनीने ते शेअर बाजारास कळवावे लागते. अमेरिकेत अशी माहिती दोन कामकाजी दिवसांत देण्याचे बंधन २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने आले. त्यापूर्वी ती पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत दिली तरी चालत असे.

प्रत्येक विक्री संशयास्पद नसते

घर घेणे, मुलांचे उच्च शिक्षण, कर भरणे, सारी संपत्ती एकाच कंपनीत अडकू न देणे, अशी विक्रीची अनेक रास्त कारणे असतात. सूचिबद्ध कंपनीत किमान २५ टक्के हिस्सा जनतेकडे असावा, या नियमामुळेही प्रवर्तकांना शेअर विकावे लागतात. कुटुंबांतर्गत हस्तांतरण किंवा भेट म्हणजे बाजारातील विक्री नव्हे. लाकोनिशोक आणि ली यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी बाजारातील १९७५ ते १९९५ या काळातील व्यवहार तपासले गेले. आतल्यांच्या खरेदीतून पुढील भावाचा काही अंदाज येतो, विक्रीतून मात्र फारसा येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून केवळ विक्री पाहून शेअर फुंकून टाकणे शहाणपणाचे नाही.

काय तपासावे?

* विकणारा कोण? मुख्य कार्यकारी किंवा वित्त अधिकाऱ्याची विक्री बिगर-कार्यकारी संचालकाच्या विक्रीपेक्षा अधिक बोलकी असते.
* हिस्सा किती? एक लाख शेअरपैकी पाच हजार विकणे वेगळे आणि साठ हजार विकणे वेगळे.
* किती जण? काही आठवड्यांत तिघा-चौघांनी स्वतंत्रपणे विक्री केली असेल, तर योगायोगाची शक्यता कमी होते.
* सवय की अपवाद? दरवर्षी ठरावीक प्रमाणात विकणारा आणि दहा वर्षांत प्रथमच विकणारा, यांत फरक करावा. पूर्वनियोजित योजनेनुसार झालेल्या विक्रीला कमी महत्त्व द्यावे, पण ती योजना केव्हा आखली हेही पाहावे.
* बोलणे आणि वागणे जुळते का? भाषणात उज्ज्वल भविष्याची ग्वाही आणि प्रत्यक्षात विक्री, ही विसंगती सर्वांत गंभीर मानावी.
* तारण किती? तारण ठेवलेल्या शेअरचे प्रमाण वाढत असेल, तर भाव पडताच सक्तीची विक्री होऊ शकते.

ही सर्व माहिती मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. प्रत्येक कंपनीच्या पानावर तिमाही भागधारणेचा तक्ता असतो, तो तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत द्यावा लागतो. आतल्यांचे व्यवहार आणि तारण यांची नोंदही तेथेच असते. सलग आठ तिमाह्यांचा महसूल एका रकान्यात आणि प्रवर्तकांचा हिस्सा व तारण शेजारच्या रकान्यांत लिहून पाहावे. महसूल आणि हिस्सा दोन्ही उतरत असतील, तर वार्षिक अहवाल पुन्हा उघडावा, वार्षिक सभेत प्रश्न विचारावा आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत नवी रक्कम गुंतवू नये. या कामास फार तर अर्धा तास लागतो. कष्टाने साठविलेल्या पुंजीसाठी तेवढा वेळ काढणे प्रत्येकाच्या हाती आहे.