चालू घडामोडी, मेकॉले आणि मंगळयान

२०१६ सालच्या यूपीएससी पूर्वपरीक्षेत मंगळयानावर एक प्रश्न होता. तीन विधानं, त्यातली बरोबर कुठली ते सांगा. एक, या मोहिमेला मार्स ऑर्बिटर मिशन असंही म्हणतात. दोन, यामुळे भारत अमेरिकेनंतर मंगळाभोवती यान फिरवणारा दुसरा देश ठरला. तीन, पहिल्याच प्रयत्नात हे जमवणारा भारत हा एकमेव देश. उत्तर होतं, पहिलं आणि तिसरं. दुसरं चूक, कारण सोव्हिएत यानं १९७१ सालीच तिथे पोचली होती.

आता गंमत बघा. ९ फेब्रुवारी २०२१ ला संयुक्त अरब अमिरातीचं 'होप' यान मंगळाच्या कक्षेत गेलं, तेही पहिल्याच प्रयत्नात. म्हणजे तिसरं विधानही बाद! आज कुणी सरावासाठी तो जुना पेपर सोडवायला घेतला, तर बरोबर उत्तर लिहून चूक ठरायची सोय आहे. आमच्या धंद्यात सांगायचं तर टेस्ट केस तीच, पण अपेक्षित उत्तर मात्र रातोरात बदललेलं.

तर असा हा नाशवंत माल. तो या परीक्षेत आला कधी आणि कसा, हे शोधायला बसलो आणि शनिवार गेला.

सुरुवात मेकॉलेपासून. (हो, तोच. आपल्याकडे कशाचीही सुरुवात त्याच्यापासूनच होते.) १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांची वशिल्याची भरती संपवली आणि आयसीएस स्पर्धा परीक्षेला खुली केली. परीक्षा कशी असावी हे ठरवायला मेकॉलेची समिती बसली, १८५४ साली तिचा अहवाल आला. त्यातला एक मुद्दा मला फार आवडला. परीक्षा अशी हवी की जो नापास होईल त्यालाही, पुढे तो कुठल्याही व्यवसायात गेला तरी, तयारीत घालवलेल्या वेळाचा पश्चात्ताप होऊ नये. १८५४ साली हा माणूस नापासांचा विचार करतोय!

म्हणून त्याने टिकाऊ विषय ठेवले. गणिताला १०००, ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५०. संस्कृत आणि अरबीला मात्र ३७५ च. म्हणजे टिकाऊ कुणाच्या दृष्टीने, तर साहेबाच्या. शिवाय परीक्षा फक्त लंडनला, १९२२ पर्यंत. आणि १८७८ पासून वयोमर्यादा १९ वर! मेकॉलेचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. पण तो नापासांचा निकष मला अजूनही पटतो.

आपले चिंतामणराव देशमुख १९१८ साली लंडनला पहिले आले, ते साधारण याच जुन्या साच्यातल्या परीक्षेत. शाळेत संस्कृत, केंब्रिजला वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र वगैरे. ताज्या बातम्यांचा वेगळा पेपर नव्हताच. त्याची कल्पना आली पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१७ साली स्टॅनली लेथ्स यांच्या समितीने इंग्लंडच्या वरिष्ठ नोकऱ्यांच्या परीक्षेत काही सक्तीचे पेपर सुचवले. त्यातल्या एकाचं नावच 'प्रेझेंट डे', म्हणजे आजचा काळ. पुढे आयसीएसवाल्यांनाही तो द्यावा लागला. चालू घडामोडींचा पणजोबा म्हणा ना!

स्वातंत्र्यानंतर निबंध आणि इंग्रजीच्या जोडीला सामान्य ज्ञानाचा सक्तीचा पेपर आला. १९७९ साली कोठारी समितीच्या शिफारशीवरून पूर्व, मुख्य, मुलाखत अशी तीन टप्प्यांची परीक्षा झाली आणि मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली. त्यावर वेगळं लिहायला हवं, आज नको.

खरा बदल गुणांमध्ये दिसतो. २०१२ पर्यंत मुख्य परीक्षा आणि मुलाखत मिळून २३०० गुण, त्यातले १२०० वैकल्पिक विषयांचे. २०१३ पासून एकूण २०२५, त्यात वैकल्पिकाचे ५०० आणि सामान्य अध्ययनाचे १०००. पूर्वपरीक्षेतला वैकल्पिक पेपर तर २०११ लाच गेला होता. सामान्य अध्ययन म्हणजे नुसत्या बातम्या नव्हेत, कबूल. पण वर्तमानपत्र न वाचता ते चार पेपर लिहून दाखवा कुणी! थोडक्यात, टिकाऊ मालाचं वजन घटलं, नाशवंताचं वाढलं. आणि आता नापासांचा आकडा बघा. २०२३ ची पूर्वपरीक्षा ५,९२,१४१ जणांनी दिली, शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. मेकॉलेचा निकष उरलेल्या जवळजवळ सगळ्यांना लावायचा आहे.

माझा मावसभाऊ त्या उरलेल्यांतला. सांगलीचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून चार प्रयत्न केले आणि थांबला. मावशी अजून विचारते, "एवढं वाचून काय मिळालं रे?" तो गप्प बसतो. मासिक संकलनांचे गठ्ठे त्याने रद्दीत घातले, किलोवर. कुठला निर्देशांक, भारत कितवा, कुठल्या सरावाचं नाव काय, कुठला दिन कधी... ते सगळं दर वर्षी शिळं होतं, त्याबद्दल त्यालाही हळहळ नाही.

पण एक वही त्याने ठेवलीय, ती मी बघितली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात अलमट्टीची बातमी आली, उंची वाढणार म्हणून. बाकी पोरांनी आकडा टिपला, ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६. याला प्रश्न पडला, हे ठरवतं कोण? तिथून तो मागे मागे गेला. राज्यघटनेचं कलम २६२. मग १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा. १९६९ चा बच्छावत लवाद, २००४ चा ब्रिजेशकुमार लवाद, त्याचा २०१० चा निवाडा, तो राजपत्रात यायला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घातलेली मनाई. शेजारी कृष्णेचा हाताने काढलेला नकाशा, कोयनेपासून खाली. एका बातमीला अकरा पानं! क्लासच्या सरांनी म्हणे डोक्याला हात लावला होता, "या वेगाने तू एका महिन्याचे चालू घडामोडी दोन वर्षांत संपवशील."

सरांचंही चूक नव्हतं. परीक्षेच्या हिशेबात ती अकरा पानं महागच. शंभर प्रश्नांच्या पेपरात कृष्णेवर एखादा आला तर आला.

२०१९ च्या पुरात सांगलीत पाणी शिरलं, तेव्हा गल्लीतले लोक अलमट्टीवरून तावातावाने भांडत होते. हा वही घेऊन खाली गेला आणि कुठल्या राज्याला काय मागता येतं, कुणाकडे मागायचं, हे तासभर सांगत बसला. आता यंदा तयारीला लागलेली शेजारची एक मुलगी ती वही मागून घेऊन गेलीय. देताना याने शेवटी दोन कोरी पानं चिकटवली. २०२३ मध्ये केंद्राने तेलंगण आणि आंध्रच्या पाणीवाटपाचं काम त्याच लवादाकडे सोपवलं, ते तिने स्वतः शोधून लिहायचंय.