श्रुती-हार्मोनियम : बावीस श्रुतींची पेटी आणि एका गंधाराचा वाद

नेहमीच्या पेटीत एका सप्तकात बारा स्वर असतात. त्यांऐवजी बावीस श्रुती वाजाव्यात अशी योजना ज्या पेटीत केलेली असते, तिला श्रुती-हार्मोनियम म्हणतात. असे वाद्य घडवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला. मुंबई इलाख्यात जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांची त्यांना साथ होती. त्यांच्या योजनेप्रमाणे लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीने १९११ मध्ये ही पेटी तयार केली. वाद्य म्हणून ती रुजली नाही. मात्र तिने उभा केलेला प्रश्न आजही मिटलेला नाही. गळ्यातून निघणारा स्वर आणि पट्टीखालून निघणारा स्वर एकच असतो का, हा तो प्रश्न होय.

पेटी भारतात कशी आली

हार्मोनियम मुळात युरोपचे वाद्य आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबें यांनी १८४० मध्ये या नावाचे पेटंट घेतले. चौकटीत एका टोकाला घट्ट बसवलेली धातूची पातळ जिभली हवेच्या झोताने कंप पावते आणि स्वर उमटतो, हे त्याचे तत्त्व. हे तत्त्व त्याहून पुष्कळ जुने आहे; चीनमधील शंग या वाद्यात ते शतकानुशतके वापरात होते. या जिभलीला आपल्याकडचे कारागीर सरळ ‘सूर’ म्हणतात.

युरोपातील मूळ वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून, दोन्ही हातांनी वाजवायचे होते. बैठकीच्या गाण्याला ते गैरसोयीचे ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे घेऊन हाताने चालवायची पेटी घडवली. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, अशी जमिनीवर बसून वाजवता येणारी ही पेटी काही दशकांत देशभर पसरली.

मराठी रंगभूमीवर पेटीबरोबर पायाने वाजवायचा ऑर्गनही आला. गोव्याच्या वाचकाला ‘ऑर्गन’ म्हटले की चर्चमधील नळ्यांचा भव्य ऑर्गन आठवतो. नाट्यसंगीतातला ऑर्गन त्या जातीचा नव्हे. त्यात नळ्या नसतात, पेटीसारखेच सूर असतात. पेटीत भात्याची हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकी धाटणीच्या ऑर्गनमध्ये ती सुरांतून आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा नाद अधिक मऊ आणि गोल लागतो. बालगंधर्वांच्या नाट्यपदांची ओळख ठरलेला भरघोस स्वर याच ऑर्गनचा.

वाद नेमका कशाचा

पेटीचे सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत विभागलेले असते. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून गाता यावे म्हणून युरोपने ही तडजोड स्वीकारली. गाणाऱ्याचा गळा मात्र तंबोऱ्यातून निघणाऱ्या स्वरांशी जुळून चालतो आणि ते स्वर साध्या गुणोत्तरांनी बांधलेले असतात.

षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरू. षड्जाशी ५:४ या नात्याने येणारा शुद्ध गंधार बरोबर ३०० आंदोलनांचा होतो; पेटीचा गंधार ३०२.४ च्या आसपास असतो. कोमल गंधार ६:५ या नात्याने २८८ चा. पेटीचा सुमारे २८५.४. ५:३ या नात्याचा धैवत ४०० चा, पेटीचा ४०३.६. पंचमात मात्र फरक नगण्य आहे: ३६० च्या जागी ३५९.६. म्हणजे पेटीचा पंचम निर्दोष वाटतो, पण गंधार आणि धैवत कानाला चढे लागतात.

अडीच आंदोलनांचा फरक ऐकू तरी येतो का, असे कोणी विचारील. तंबोरा छेडला की त्याच्या नादात षड्जाच्या पाचपट, म्हणजे १२०० आंदोलनांचा सूक्ष्म स्वर असतो. मुरलेले कान त्यालाच तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार म्हणतात. पेटीच्या गंधाराच्या चौपट स्वर सुमारे १२०९.५ येतो. हे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर जाणवते. गवयाला खटकते ती ही थरथर.

देवलांची पेटी

भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. षड्जग्रामात त्या सात स्वरांना अनुक्रमे चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटून दिल्या आहेत. त्या श्रुतींची आंदोलने किती, हे मात्र भरताने आकड्यांत दिलेले नाही. देवलांनी ते आकडे शोधायचे ठरवले. त्यांच्या प्रयोगांत उस्ताद अब्दुल करीम खाँ गात आणि देवल त्यांचे स्वर तारेच्या लांबीवरून मोजत. या मोजणीवर आधारलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाले. षड्ज आणि पंचम अचल, बाकीच्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन रूपे, अशा एकूण बावीस जागा, ही मांडणी या विचारातून रूढ झाली.

असा ध्यास घेणारे देवल एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये बोसांके यांनी १८७० च्या दशकात एका सप्तकात ५३ स्वर देणारी पेटी घडवली होती. जपानचे शोहे तानाका यांनी बर्लिनमध्ये शिकत असताना १८९० च्या सुमारास शुद्ध गुणोत्तरांचे स्वर देणारी पेटी उभी केली. गुणोत्तराचा स्वर आणि पट्टीचा स्वर यांतले अंतर भरून काढण्याची ओढ त्या काळी जगभर होती. देवलांच्या प्रयत्नाचे वेगळेपण असे की त्यांनी प्रमाण मानला तो गवयाचा गळा.

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे देवल आणि क्लेमेंट्स यांची पेटी जाणकारांपुढे आली आणि तिच्यावर जोरदार चर्चा झाली. विष्णु नारायण भातखंडे यांना या दोघांची श्रुतींची मांडणी मान्य नव्हती. परिषदेने पेटीला मान्यता दिली नाही.

अपयशाची कारणे वाद्यातच होती. एका सप्तकात जास्त सूर म्हणजे वजन जास्त, किंमत जास्त आणि वाजवणाऱ्याच्या बोटांवर ताणही जास्त. षड्ज एकदा ठरला की सगळी गुणोत्तरे त्याच्याशी बांधली जातात, त्यामुळे वेगळ्या पट्टीच्या गायकाला ती पेटी निरुपयोगी ठरते. त्याहून मूलभूत अडचण मींडेची होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गळा मधली सगळी वाट चालतो. पेटीला ती वाट नाही. बारा ठाम जागांऐवजी बावीस ठाम जागा दिल्या, तरी त्या ठामच राहिल्या.

बंदी आणि साथीदारांचे उत्तर

पेटीवरचा रोष पुढे वाढत गेला. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्याविरुद्ध लिहिले. रवींद्रनाथ टागोर आणि जवाहरलाल नेहरू यांनाही ती रुचत नसे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बंद केली. ही बंदी स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली आणि एकूण तीन दशकांच्या आसपास टिकली. १९७० च्या परिसंवादानंतर, १९७१ मध्ये ती अंशतः सैल झाली.

या काळात पेटी संपली असती, तर तो आश्चर्याचा विषय नव्हता. ती टिकली ती साथीदारांमुळे. गोविंदराव टेंबे यांनी नाट्यसंगीतात आणि मैफलीत पेटीला स्वतःची भाषा दिली. पी. मधुकर यांनी ती पुढे नेली. त्यांचे शिष्य पं. तुळशीदास बोरकर मूळचे फोंडा तालुक्यातील बोरीचे. १९३४ मध्ये जन्मलेल्या या गोमंतकीय कलावंताला २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनी पेटीत सुधारणा करून, स्वरमंडळाच्या तारांची जोड देऊन तिला ‘संवादिनी’ हे नाव दिले. आज हे नाव मराठीत हार्मोनियमला पर्याय म्हणून रुळले आहे.

या वादकांनी दिलेले उत्तर यंत्रात नव्हते, हातात होते. चढा गंधार असेल तर त्यावर रेंगाळायचे नाही. गायक एखाद्या श्रुतीवर स्थिरावला असेल तर ती पट्टी सोडून द्यायची. भात्याचा दाब कमी-अधिक करून स्वराला उठाव किंवा विसावा द्यायचा. कोणती पट्टी दाबू नये, हे कळणे ही साथीची निम्मी विद्या आहे.

दुसरे उत्तर सूर लावणाऱ्या कारागिरांनी दिले. जिभलीचे टोक कानशीने किंचित घासले की स्वर चढतो. मुळाजवळ घासले की उतरतो. त्या आधारे एका ठरावीक षड्जाशी जुळणारा गंधार लावून देण्याची पद्धत पेटीवाल्यांत चालत आली. तिला ‘गंधार ट्यूनिंग’ म्हणतात. पट्ट्यांचा फलक सरकवून षड्ज बदलता येणारी ‘स्केल चेंजर’ पेटी सोयीची असली, तरी तिच्यात अशी मांडणी टिकत नाही. फलक सरकताच गुणोत्तरे बिघडतात. त्यामुळे सारख्या बारा पायऱ्यांचीच मांडणी पुन्हा बळावली.

देवलांचा धागा अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा हाती घेतला. त्यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत पट्ट्या नेहमीइतक्याच आहेत. पट्टीखालची खुंटी ओढली किंवा आत ढकलली की त्याच पट्टीतून स्वराचे दुसरे रूप निघते. रागाला हवी ती श्रुती आधी निवडायची आणि मग नेहमीच्या बोटांनी वाजवायचे. देवलांच्या पेटीतला बोटांवरचा ताण या युक्तीने पुष्कळ हलका झाला.

जुन्या पेट्यांचे मोल

हा वाद केवळ मैफलींचा नाही. आपल्याकडे पेटी घराघरांत, देवळांत, जत्रेच्या नाटकांत आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अहोरात्र चालणारे भजनही तिच्याविना होत नाही. मराठीचा पैस जिथवर आहे तिथवर हेच चित्र आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, मराठी बोलणारी गावे आहेत. जाम नदीपलीकडचे सावरगाव बाहेरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे ठाऊक असते. पण हा पट्टा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी-भजनाचाही आहे. अशा गावांत संगीतविद्यालय असो वा नसो, भजनी मंडळाची पेटी हीच गावाची संगीतशाळा असते. मुलाच्या कानात पहिला गंधार बसतो तो तिचाच. इतकेच काय, पेटीला नावे ठेवणारा गवईसुद्धा आपला षड्ज ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असाच सांगतो. स्वरांची नावे पेटीच्या पट्ट्यांवरून पडली आणि ती तंबोऱ्यालाही चिकटली.

म्हणून घरातली किंवा देवळातली जुनी पेटी भंगारात देण्यापूर्वी, किंवा नव्यासारखी करून घेण्यापूर्वी, थोडे थांबावे. तिच्या सुरांवर एखाद्या गेलेल्या कारागिराचा कान उमटलेला असू शकतो. अर्थात जुन्या पेटीतला प्रत्येक वेगळा स्वर मुद्दाम लावलेला नसतो. धूळ, दमट हवा आणि वापर यांनीही सूर उतरतात. गोव्याच्या पावसाळ्यात भात्याचे चामडे आणि लाकूड दोन्ही फुगतात, पितळी जिभल्यांवर कळंक चढतो. हे ओळखायला जाणकार लागतो. तोपर्यंत सुरांना तेल लावू नये, ते खरवडू नयेत. टोकावरचा एक हलका ओरखडाही स्वर बदलतो आणि घासलेले पितळ परत येत नाही.

एक सोपे काम मात्र कोणालाही करता येईल. दुरुस्तीला देण्याआधी भाता एकसारख्या दाबाने चालवत, एकेक पट्टी काही क्षण धरून सगळ्या पट्ट्यांचे स्वर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत. खर्ज आणि नर सुरांच्या ओळी वेगळ्या उघडता येत असतील तर त्यांची नोंद निरनिराळी ठेवावी. त्या ध्वनिमुद्रणावरून पेटीची मूळ मांडणी पुढे केव्हाही मोजता येते. आज सूर लावताना बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक ट्यूनर समोर असतो आणि त्याला सारख्या बारा पायऱ्यांचेच माप सांगून ठेवलेले असते. ते माप चुकीचे नाही. ते एक माप आहे. अब्दुल करीम खाँ गात असताना देवलांनी तारेवर जे मोजले, ते दुसरे. आपल्या आजोबांच्या पेटीत यांपैकी कोणते आहे, हे सूर घासण्याच्या आधीच कळू शकते.