फॉइबल

फॉइबल : स्वभावातली कमकुवत जागा, किरकोळ दोष किंवा खोड या अर्थाचे इंग्रजी नाम. तलवारबाजीत पात्याच्या मध्यापासून टोकापर्यंतच्या भागालाही हेच नाव आहे. दुबळेपणाला इंग्रजीत शब्दांची वाण नाही. 'फ्रेल्टी'च्या मुळाशी मोडण्याजोगेपणा आहे, 'इन्फर्मिटी'च्या मुळाशी डळमळीतपणा. फॉइबल मात्र माणसाला दुबळा ठरवत नाही. एरवी धडधाकट असलेल्या माणसातली एक जागा तेवढी दाखवतो. त्याचा हा संयम त्याच्या इतिहासातून आला आहे.

मूळ लॅटिन शब्द 'फ्लेबिलिस'. 'फ्लेरे' म्हणजे रडणे; त्यावरून फ्लेबिलिस म्हणजे ज्याच्यासाठी रडावे असा. जुन्या फ्रेंचमध्ये त्यातल्या दोन 'ल'कारांपैकी पहिला गळाला आणि अर्थ 'शोचनीय'वरून 'अशक्त'वर आला. इंग्रजीने हा शब्द दोनदा उचलला. साधारण १२००च्या सुमारास तो 'फीबल' म्हणून आला आणि विशेषण म्हणून रुळला. १६४०च्या दशकात तोच शब्द पुन्हा आला, या वेळी नाम होऊन. पुढे फ्रेंचने आपले लेखन बदलून 'फेब्ल' केले, इंग्रजीने 'ओइ'चे जुने वळण आजतागायत जपले. भावंडांतला फरक व्याकरणातच दिसतो. फीबल म्हटलेला आवाज किंवा म्हातारा अख्खाच क्षीण असतो. फॉइबलला मात्र धनी लागतो: ते कोणाचे तरी असते, एकाहून अधिक असू शकते, आणि ते वगळूनही माणूस बराचसा शिल्लक राहतो.

ही कल्पना पात्यावर सर्वांत स्पष्ट दिसते. मुठीजवळचा अर्धा भाग 'फोर्ट', म्हणजे बळकट; टोकाकडचा अर्धा फॉइबल. कारण तरफेचे आहे. मुठीजवळ प्रतिस्पर्ध्याचे पाते अडले तर मनगट थोडे वळवूनही ते बाजूला सारता येते. टोकाजवळ तेच पाते पेलायला जाल तर आपलेच पाते ढकलले जाईल. म्हणून वार अडवावा तो आपल्या बळकट भागाने, आणि तोही समोरच्याच्या फॉइबलवर. पण हा भाग बिघडलेला नसतो. तो मुद्दाम निमुळता आणि हलका घडवतात, म्हणजे टोक चपळ राहते. भोसकण्याच्या तलवारीत वार पोहोचवणारे टोक याच भागाचे असते. बळकट भागाशिवाय फॉइबल नाही, हे इथे डोळ्यांना दिसते.

यावर आक्षेप असा, की स्वभावदोषाचा अर्थ तलवारीवरून आला हे कशावरून? फ्रेंचमध्ये 'कमकुवत बाजू' हा सर्वसाधारण अर्थ होताच. तो थेट आला असेल. आक्षेप रास्त आहे. इंग्रजीत पात्याचा अर्थ १६४०च्या दशकात आणि स्वभावाचा १६७०च्या दशकात लिखाणात आढळतो, पण लिखाणातला क्रम म्हणजे जन्मक्रम नव्हे. मात्र इथे मांडलेला मुद्दा त्या क्रमावर अवलंबून नाही. दोन्ही अर्थांची घडण एकच आहे: समोरच्याला सापडली तर घात करणारी जागा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात अर्थ देताना 'बाजू' हाच शब्द धरला. कमकुवत बाजू, माणूस बेसावध असतो ती बाजू. विल्यम काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' (१७००) या नाटकात लेडी विशफर्टच्या दासीचे नाव फॉइबल आहे. बाईंना उतारवयात लग्नाची ओढ आहे, आणि एका नोकराला सरदार बनवून त्यांच्यापुढे उभे करण्याच्या कटात ही दासी सामील आहे. बाईंच्या घरात शिरायची वाट तिच्यातूनच जाते. नाव अगदी नेमके पडले आहे. मराठीतले 'वर्म' या अर्थाच्या फार जवळ आहे.

मग घाताची जागा दाखवणारा शब्द आज निरुपद्रवी खोडीपुरता कसा उरला, हा दुसरा आक्षेप. याचेही उत्तर त्याच घडणीत सापडते, असे वाटते. दोष एका जागेपुरता आहे असे म्हटले की तो मर्यादित होतो, आणि मर्यादित गोष्ट हळूहळू क्षम्य ठरते. फ्रेंचमध्ये तर हे नाम याहून पुढे गेले: तिथे एखाद्या गोष्टीविषयी 'फेब्ल' असणे म्हणजे तिची मनापासून आवड असणे.