जुन्या स्कूटरचे ड्रम ब्रेक : तपासणी आणि दुरुस्ती

उज्जैन हे माळव्याच्या पठारावरील शहर तसे सपाट; पण जुन्या शहरात दुचाकी चालवणाऱ्याला हा सपाटपणा फारसा उपयोगी पडत नाही. गोपाळ मंदिरासमोरील छत्री चौक, पटनी बाजार, महाकाळेश्वराचा परिसर आणि तेथून हरसिद्धीवरून रामघाटाकडे उतरणारी वाट या पट्ट्यात वाहन चालण्यापेक्षा थांबतेच अधिक. श्रावणातील सोमवारी महाकाळाची सवारी निघते त्या दिवशी तर पावलापावलावर ब्रेक दाबावा लागतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी वर्षभर राहू लागली आहे आणि २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. अशा गावात विद्यार्थी, पुजाऱ्याकडील मुले, दुकानातील नोकर यांच्या हाती असते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या हातची स्कूटर. तिचे इंजिन सुरू होते, दिवा लागतो, म्हणून ती ‘चालू’ समजली जाते. ती थांबते का, हा प्रश्न सौद्याच्या वेळी क्वचितच विचारला जातो.

या परिसराचा स्कूटरशी संबंध केवळ वापरापुरता नाही. इंदूरजवळील पिथमपूर येथील कारखान्यात किनेटिक होंडा तयार होत असे. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाची किनेटिक आणि जपानची होंडा यांची ही भागीदारी १९८४ मध्ये सुरू झाली आणि १९९८ मध्ये संपली. गियर बदलण्याची कटकट नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी ही गाडी त्या काळी नवलाईची होती. बजाज चेतकच्या पिढीत मागचा ब्रेक पायाने दाबावा लागे. किनेटिक होंडाने तो डाव्या हाताशी आणला आणि २००१ च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या अॅक्टिव्हाने तीच सवय देशभर पक्की केली. आज जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक स्कूटर याच वंशातील : उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या हाताला मागचा, आणि दोन्ही चाकांत ड्रम.

ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. चाकाच्या मध्यभागी लोखंडी वाटीसारखा ड्रम असतो आणि तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोकळीत अर्धचंद्राकृती दोन ब्रेकशू स्थिर बसवलेले असतात. त्यांच्या बाहेरील कडेला घर्षणाचे अस्तर चिकटवलेले असते. गॅरेजात त्याला ‘लायनर’ म्हणतात. दोन्ही शूंचे एक टोक खुंटीवर टेकते आणि दुसऱ्या टोकांच्या मध्ये कॅम असतो. हँडलवरील लिव्हर ओढला की केबल ताणली जाते, केबल ब्रेक आर्म ओढते, आर्म कॅम फिरवतो आणि कॅम दोन्ही शू फाकवून ड्रमवर दाबतो. लिव्हर सोडला की स्प्रिंगा त्यांना पुन्हा जवळ आणतात. याहून अधिक यंत्रविद्या त्यात नाही, म्हणूनच नवशिक्याला ही दुरुस्ती शिकता येते. मात्र कार्ब्युरेटर बिघडला तर गाडी बंद पडते. ब्रेक चुकीचा बसला तर गाडी बंद पडत नाही, हा फरक काम हाती घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावा लागतो.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून हात आवळेपर्यंत एक सेकंद गेला तर हे ११ मीटर गेलेच. त्यानंतर चांगला ब्रेक तिला साधारण १२ मीटरमध्ये थांबवतो. ब्रेकची ताकद निम्मी झाली असेल तर तेच अंतर २५ मीटरच्या घरात जाते. गल्लीच्या तोंडाशी गाय उभी असताना या १२-१३ मीटरांचा हिशेब फार मोठा ठरतो.

विकत घेताना काय पाहावे

जुनी स्कूटर विकणारा बहुधा एकच गोष्ट करतो : ब्रेक कसतो. ब्रेक आर्मपाशी केबलच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक नट असतो. तो फिरवला की केबलचा ढिलेपणा कमी होतो आणि लिव्हर कडक लागतो. ग्राहकाला ब्रेक ‘टाइट’ वाटतो. म्हणून पहिली नजर या नटाकडेच टाकावी. नट आट्यांच्या शेवटापर्यंत पोहोचला असेल, तर कसायला जागा उरलेली नाही आणि अस्तर संपत आले आहे, असे समजावे.

दुसरी खूण कारखान्यानेच दिलेली असते. बऱ्याच स्कूटरांत ब्रेक आर्मवर छोटा बाण असतो आणि समोरच्या स्थिर भागावर एक रेघ. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण त्या रेघेशी येऊन मिळाला, तर शू बदलण्याची वेळ झाली. येथे एक जुनी लबाडी सांगणे आवश्यक आहे. आर्म कॅमच्या दांड्यावर बारीक दात्यांनी बसतो. तो काढून एक-दोन दाते मागे लावला, की नटाला पुन्हा आटे मिळतात आणि झिजलेला ब्रेक कसता येतो. असा ‘जुगाड’ रस्त्याकडेच्या कामात सर्रास होतो आणि तो धोकादायक आहे. कॅम मर्यादेपेक्षा अधिक फिरला, तर तो शूंच्या मध्ये आडवा अडकू शकतो. मग ब्रेक एकदा लागला की सुटत नाही, किंवा ऐन वेळी त्याची ताकद संपते. बाण आणि दांड्यावरील खूण एका रेषेत नसतील, तर कुणीतरी हा उद्योग करून ठेवला आहे.

तिसरी तपासणी कानाची. ओढताना ‘चीं’ असा आवाज आला तर धूळ किंवा गुळगुळीत झालेले अस्तर हे कारण असू शकते. माळव्यातील काळ्या मातीची बारीक पूड उन्हाळ्यात ड्रममध्ये शिरते आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. गोव्यासारख्या दमट प्रदेशात गंज हे दुखणे अधिक : तेथे केबलच्या म्यानात आणि कॅमच्या दांड्याभोवती गंज धरतो, लिव्हर जड होतो आणि सोडल्यावर सावकाश परततो. खरखर घासल्याचा, लोखंडावर लोखंडाचा आवाज आला तर मात्र अस्तर संपून शूचा धातू ड्रमला लागला आहे. ती गाडी चालवत घरी नेण्याच्या लायकीची नसते.

काम

मागच्या चाकापासून सुरुवात करणे सोयीचे नाही, तरीही बहुतेकांना तेच करावे लागते, कारण चालकांचा हात डाव्या लिव्हरवरच अधिक पडतो. आधी इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावेत. गाडी कठीण, सपाट जमिनीवर सेंटर स्टँडवर घ्यावी. पुढच्या चाकाला वीट लावावी. अॅक्टिव्हासारख्या स्कूटरात चाक काढण्यापूर्वी सायलेन्सर उतरवावा लागतो. इंजिनापाशी त्याचे दोन नट असतात. जुन्या गाडीत ते गंजलेले असतात आणि जोर केला तर स्टड मोडतो. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडून ठेवणे हा त्यावरचा उपाय. अॅक्सलचा मोठा नट ढिला करताना कुणाला तरी मागचा ब्रेक घट्ट धरून ठेवायला सांगावे, नाहीतर चाक नटाबरोबर फिरत राहते.

चाक बाहेर आले की शू समोर दिसतात आणि त्याबरोबर काळी पूडही. ही पूड फुंकू नये, हवेच्या पाइपने तर मुळीच उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. नाकाला फडके बांधून, ओल्या कापडाने पूड टिपून घ्यावी आणि ते कापड पिशवीत बांधून टाकून द्यावे. गॅरेजांत हे कुणी करताना दिसत नाही. घरी करणाऱ्याने ते करावे.

आता अस्तराची जाडी पाहावी. सर्वात पातळ जागी ती २ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर शू बदलावेत. अस्तरावर तेलाचा ओलावा दिसला तर प्रकरण वेगळे आहे. मागच्या चाकाचा दांडा गियरपेटीतून येतो आणि तेथील ऑइल सील फुटले की तेल थेट ड्रममध्ये उतरते. असे शू पेट्रोलने धुऊन पुन्हा लावण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे, कारण अस्तर तेल शोषून घेते आणि तापल्यावर ते पुन्हा बाहेर येते. शिवाय नवे शू लावले आणि सील तसेच ठेवले, तर तेही महिन्याभरात तेलकट होतील. सील बदलण्याचे काम नवशिक्याने जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे.

शू काढताना दोन्ही एकदमच काढावेत. त्यांची कॅमकडील टोके बाहेर ओढून जोडी पुस्तकासारखी मिटली की स्प्रिंगांचा ताण सुटतो. काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घेतले तर स्प्रिंगांची बाजू चुकत नाही. नवे शू नेहमी जोडीने घ्यावेत. अस्सल कंपनीची जोडीही काही शे रुपयांत येते, आणि ज्या भागावर जीव अवलंबून आहे तेथे नकली माल घेऊन वाचणारे पैसे नगण्य असतात. स्प्रिंगा ताणलेल्या असतील तर त्याही बदलाव्यात. कॅम आणि खुंटी साफ करून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ग्रीस जास्त झाले तर ते वितळून अस्तरावर जाते. नव्या अस्तराला तेलकट बोट लागू नये म्हणून त्याआधी हात धुवावेत.

ड्रमचा आतला पृष्ठभागही पाहायचा असतो. अॅक्टिव्हाचा ड्रम १३० मिलिमीटरचा. तो झिजून १३१ झाला की बाद, आणि ही मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते. नखाला लागतील अशा खोल चऱ्या पडल्या असतील तर नवा शूही नीट टेकणार नाही.

पुढच्या चाकाचे काम त्याच पद्धतीचे, पण एक सावधगिरी अधिक. तेथे शू ज्या पाटीवर बसतात ती पाटी चाकाबरोबर बाहेर येते. पुन्हा बसवताना पाटीची खाच काट्यावरील उंचवट्यात अडकलीच पाहिजे. ती अडकली नाही तर ब्रेक दाबताच पाटीच फिरू लागते आणि चाक जाम होते. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुकांतील ही सर्वात घातक चूक आहे.

सगळे जोडल्यावर ब्रेक लावण्याचे अंतर ठरवावे. लिव्हरच्या टोकाशी मोजला असता मोकळा ढिलेपणा बहुतेक स्कूटरांत १० ते २० मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाके एकत्र रोखणारी जोड-ब्रेक पद्धत किंवा एबीएस सक्तीचे झाले. जोड-ब्रेकच्या गाडीत डावा लिव्हर दोन केबली ओढतो. त्यांचा तोल बिघडू नये म्हणून पुस्तिकेतील क्रमानेच नट फिरवावेत. चाक हाताने फिरवले असता ते मोकळे फिरले पाहिजे. किंचित घासल्याचा आवाज नव्या शूला चालतो. लिव्हर ओढताच मागचा लाल दिवा लागतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. केबलची तार लिव्हरपाशी उसवू लागली असेल तर ती कसून वापरू नये, बदलावी.

प्रत्यक्ष चाचणी आधी गाडी ढकलत, मग मोकळ्या जागी ताशी १०-१५ किलोमीटर वेगाने घ्यावी. नवे अस्तर ड्रमशी पूर्ण जुळायला काही दिवस लागतात. तोवर ब्रेक थोडा कमी लागतो आणि ढिलेपणा पुन्हा वाढतो, म्हणून आठवड्याने नट परत पाहावा. अॅक्सलचा नट पुस्तिकेतील ताकदीइतका कसला गेला आहे की नाही, हे टॉर्क पाना असलेल्या गॅरेजात एकदा तपासून घेणे इष्ट. उज्जैनमध्ये फ्रीगंज किंवा देवास गेटच्या बाजूला असे गॅरेज शोधण्यास लांब जावे लागत नाही, आणि मिस्त्रीने दुसऱ्याच्या कामावर केलेली टीका ऐकून घेण्यातही बरेच शिकण्यासारखे असते.