गणिताच्या वर्गात प्रश्न कोणी विचारावयाचा?

जालन्याच्या मोंढ्यात अडत्याच्या गादीवर बसून हिशेब करणारी जुनी माणसे ज्यांनी लहानपणी पाहिली असतील, त्यांना एक गोष्ट आठवेल. साडेतीन मणांची किंमत विचारली, की कागद न घेता उत्तर मिळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सारे अपूर्णांकांचे पाढे त्यांनी पंतोजींपुढे घोकलेले असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 'जालना सोन्याचा पाळणा' अशी ज्या गावाची ख्याती, त्याचा व्यापार ह्या पाढ्यांवर चालला. तेव्हा पाठांतराला सरसकट नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

परंतु त्या शाळेत प्रश्न विचारण्याचा हक्क एकट्या पंतोजींचा असे. मुलाने उत्तर द्यावयाचे आणि चुकल्यास छडी खावयाची. शोधातून गणित शिकविण्याची जी पद्धती आज सांगितली जाते, तिचे सार एवढेच की हा हक्क मुलालाही मिळावा. त्याने वस्तू हाताळाव्यात, अंदाज करावा, चुकावे आणि चूक कोठे झाली ते स्वतःच हुडकावे. हे बोलणे सोपे आहे. पण जो शिक्षक स्वतः छडीखाली शिकला, त्याने हे शिकावयाचे कोठे? महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे.

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस ह्यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकर ह्यांच्याकडे अध्यापकवर्गाचे काम आले. शिक्षक आपोआप होत नाही, तो तयार करावा लागतो, हा विचार तेव्हा रुजला. त्यापुढचे पाऊल महात्मा फुले ह्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढील निवेदनात टाकले. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून आलेला, नांगराचे रुमणे किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास न लाजणारा असावा, तो शिकून तयार झालेला असावा आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असे त्यांनी मागितले. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ह्या निवेदनाचे विशेष वाटते ते असे, की शिक्षकाचे हात, त्याचे शिक्षण आणि त्याची भाकरी ह्या तीन गोष्टी जोतीरावांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे येथील माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. मराठी मुलाला गणिताच्या आधी भाषेचा डोंगर चढावा लागे. ज्या भाषेत शब्दच अडखळतो, त्या भाषेत 'असे का?' म्हणून कोण विचारणार? १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली, १९६० मध्ये आपण महाराष्ट्र राज्यात आलो आणि १ मे १९८१ ला जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. शाळा वाढल्या, भाषा आपली झाली. पण प्रश्नाचा हक्क बव्हंशी होता तेथेच राहिला.

तो हलविण्याचे प्रयत्न इतरत्र सुरू झाले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले, आणि त्या केंद्राची माणसे त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांपर्यंत गेली. आमच्याच चळवळीतले डॉ. विवेक माँटेरो हे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. त्यांनी कामगारांचे काम करता करता 'नवनिर्मिती' ह्या संस्थेतून हाताळून शिकण्याची स्वस्त गणित-साधने शाळांपर्यंत नेली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी साध्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादाचा प्रयोग उभा केला, आणि राज्याच्या नाना जिल्ह्यांतून शिक्षक तो पाहावयास गेले. भाषण ऐकण्यापेक्षा आपल्यासारख्याच शिक्षकाच्या वर्गात बसून पाहणे, हे प्रशिक्षणच निराळे. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि हे वारे राज्यभर पसरले.

एक लहानसे उदाहरण घेऊ. मूल 'पंचवीस' ऐकते आणि ५२ लिहिते. जुना शिक्षक म्हणेल, 'चूक!' पण ते मूल विचार करूनच चुकलेले असते. पंचवीस ह्या शब्दात पाच आधी उच्चारले जातात आणि वीस मागून येतात; त्याने कानाला आले तसे मांडले. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहावे लागतात दोन व नऊ. ही अडचण ओळखून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन जोडशब्दाबरोबर दिले गेले. त्यावर केवढा गदारोळ झाला, ते आपण जाणताच. विषयसमितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्यांनी त्या बदलामागची कारणे शांतपणे मांडली. वाचन कोणते बरे, ह्यावर मतभेद असू शकेल. परंतु '५२ का लिहिलेस?' असे प्रेमाने विचारून, काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मुलापुढे ठेवणारा शिक्षक हवा, ह्यावर मतभेद नसावा.

हे मला पुस्तकाने शिकविले नाही. एका कारखान्यातील कामगारांना जादा कामाचा दुप्पट दर मी महिनाभर फळ्यावर समजावीत होतो. सारे माना डोलावीत. एके दिवशी खडू खाली ठेवला, ज्याची त्याची पगाराची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हाती दिली आणि म्हटले, 'ह्यात काय खटकते?' अर्ध्या तासात त्यांनी कमी पडलेला पैसा शोधून काढला, आणि माझ्या हिशेबातली एक चूकही दाखविली. त्या दिवशी शिक्षक म्हणून माझे प्रशिक्षण झाले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मुलांना प्रश्न विचारू द्या, असा हुकूम वरून सोडून शिक्षक बदलत नाही. ज्याला कार्यशाळेत मुकाट्याने टिपणे घ्यावी लागतात, ज्याचा वेळ तक्ते भरण्यात जातो, तो वर्गात दुसरे काय करणार? आधी त्याला काड्या घेऊन बसू द्या, चुकू द्या, 'असे का?' असे विचारू द्या. गणिताच्या वर्गातला पहिला प्रश्न शिक्षकाचा असावा, आणि तो त्याने स्वतःला विचारलेला असावा.