हॉकी लीगची वीस वर्षे: बदनामी कोणाची, जबाबदारी कोणाची

भारतात हॉकीची व्यावसायिक लीग आजवर तीनदा सुरू झाली. पहिली चार हंगामांत आटोपली, दुसरी एकाच हंगामात, आणि तिसरी पाच हंगाम खेळून सात वर्षे निजली, मग पुन्हा उठली. दरवेळी कट्ट्यावर ऐकू येणारे निदान मात्र तेच: ‘पोरांना शिस्त नाही हो, पैसा दिसला की डोकं फिरतं.’ या निदानाला माझा आक्षेप आहे. वीस वर्षांतली प्रकरणे ओळीने लावून पाहिली तर खेळाडूंनी मान खाली घालायला लावल्याचे प्रसंग सापडतात, नाही असे नाही. पण लीगची पत त्या प्रसंगांनी जेवढी घसरली, त्याहून जास्त ती घसरली त्यानंतर खुर्चीवरची माणसे जे वागली त्याने.

इंदूरला लीगचा संघ कधी मिळाला नाही. मध्य प्रदेशाच्या वतीने उतरले ते ‘भोपाळ बादशाह’. (भोपाळकर वाचत असतील तर: हो, ऐशबाग स्टेडियमचा मान तुमचाच.) तरी हॉकीतला लौकिक कसा कमावला जातो आणि कसा जातो, हे आम्हा इंदूरकरांना जरा जवळून ठाऊक आहे. वीस-बावीस किलोमीटरवरच्या महू छावणीने किशनलाल दिला. ‘महू हीरोज’सारख्या स्थानिक संघातून पुढे आलेला हा खेळाडू 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या संघाचा कर्णधार होता, वेम्ब्लीवर ब्रिटनला 4-0 हरवणाऱ्या संघाचा. त्याच महूने शंकर लक्ष्मण दिला. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा गोलरक्षक 1956, 1960 आणि 1964 अशी तीन ऑलिंपिक खेळला, दोन सुवर्णे आणि एक रौप्य घेऊन आला, आणि 1966च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कर्णधारही होता. पद्मश्री मिळाली. 2006 साली महूतच, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत गेला. ही झाली लौकिकाची एक गोष्ट. दुसरी गोष्ट इंदूरच्या गोलरक्षक मीररंजन नेगीची.

1 डिसेंबर 1982. दिल्लीचे नॅशनल स्टेडियम, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालेले, त्यामुळे ज्यांच्या घरी रंगीत संच आला होता त्यांच्याकडे अख्खी गल्ली जमलेली. स्टेडियममध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी. पहिला गोल भारताने केला. मग पाकिस्तानने सात. बचावफळीला भगदाडे पडली आणि हसन सरदार, कलीमुल्ला यांच्यासारखे आक्रमक पुन्हा पुन्हा एकट्या गोलरक्षकापुढे येत राहिले. हॉकी कळणाऱ्याला त्यात अकरा जणांचा पराभव दिसला असता. पण सात वेळा पडद्यावर दिसला तो एकच माणूस, वाकून जाळीतून चेंडू काढणारा. दुसऱ्या दिवसापासून नेगी ‘विकला गेला’ होता.

आरोप कधीच सिद्ध झाला नाही. पण खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली. इथे मला भारतीय हॉकी महासंघाची भूमिका महत्त्वाची वाटते. आपल्या गोलरक्षकावर देश गद्दारीचा शिक्का मारतो आहे, हे डोळ्यांदेखत चाललेले असताना त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध, पण ठामपणे उभे राहून कोणी बोलले नाही. संस्थेने तोंड मिटले की अफवेला निकालाचा दर्जा मिळतो. 1998 साली बँकॉकला सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघाचा गोलरक्षक-प्रशिक्षक म्हणून नेगी परतला, 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या महिला संघाबरोबरही तो होता. लोकांनी त्याला खऱ्या अर्थाने माफ केले ते 2007 साली, ‘चक दे! इंडिया’ चित्रपट आल्यावर. पटकथाकार जयदीप साहनी यांनी कथा नेगीवर बेतलेली नसल्याचे सांगितले, लोकांनी ते मनावर घेतले नाही. महासंघाने जे पंचवीस वर्षांत केले नाही ते शाहरुख खानने अडीच तासांत केले, एवढाच त्याचा अर्थ.

हा सगळा पूर्वेतिहास पाठीवर घेऊन 2005 साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. पहिला हंगाम हैदराबादला, विजेतेही हैदराबाद सुल्तान्सच. सामना चार तुकड्यांत खेळवण्याची कल्पना या लीगने आणली; आंतरराष्ट्रीय महासंघाने ती 2014 साली स्वीकारली, तेव्हा श्रेय द्यायला लीग हयात नव्हती. महाराष्ट्राच्या ‘मराठा वॉरियर्स’चा कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले. भारतीय हॉकीतला ‘वादग्रस्त’ खेळाडू म्हणजे धनराज, असे तेव्हाचे समीकरण. रागीट, फटकळ, मनातले ओठांवर. पण त्याचा मोठा वाद काय होता? 1998च्या आशियाई सुवर्णानंतर खेळाडूंच्या मानधनाबद्दल आवाज उठला, आणि धनराजसह अनेक ज्येष्ठांना ‘विश्रांती’ देण्यात आली. बत्तीस वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्या कर्णधाराला विश्रांती! लीगमध्ये मात्र हाच ‘वादग्रस्त’ माणूस जाहिरातीच्या फलकावर पहिला. प्रेक्षक त्यालाच बघायला यायचे, त्याच्या रागासकट.

ती लीग खेळाडूंच्या वर्तनाने मेली नाही. मार्च 2008मध्ये चिलीतल्या सँटियागोत ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. 1928पासून असे पहिल्यांदाच घडले. एप्रिलमध्ये एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्याने महासंघाचे सचिव ज्योतीकुमारन यांना खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेताना दाखवले. त्यांनी राजीनामा दिला, भारतीय ऑलिंपिक संघटनेने के. पी. एस. गिल यांचा महासंघच निलंबित केला, आणि लीगही त्याबरोबर गेली. त्या चार हंगामांत खेळाडूंनी पंचांशी हुज्जत घातली असेल, कार्डे घेतली असतील. लीगच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचे नाव नाही.

2010 सालचे बालेवाडीचे प्रकरण आता बरेच जण विसरले आहेत. दिल्लीतला विश्वचषक तोंडावर, पुण्यात शिबिर चाललेले, आणि संघाने सरावाला नकार दिला: आधी थकलेले पैसे द्या. निलंबित महासंघाच्या जागी नव्याने आलेल्या हॉकी इंडियाने मुदत घातली, नाही तर दुसरा संघ उतरवू म्हणाले. नियमाच्या पुस्तकात हे सरळ बेशिस्तीत बसते. पण देश खेळाडूंच्या बाजूने उभा राहिला, मदतीचे हात पुढे आले आणि काही दिवसांत तडजोड झाली. खेळाडूंच्या ‘गैरवर्तना’मुळे हॉकीविषयी सहानुभूती वाढल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. लोक वर्तन बघतात, तसे कारणही बघतात.

2012ची वर्ल्ड सिरीज हॉकी लवकर आटोपतो, कारण तीही लवकरच आटोपली. जुना महासंघ आणि निंबस कंपनीची ही लीग, हॉकी इंडियाची मान्यता नाही. अंतिम फेरीत शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सला हरवले. नंतर खेळाडू थकलेल्या मानधनासाठी हेलपाटे घालत राहिले, दुसरा हंगाम झालाच नाही.

आता हॉकी इंडिया लीग. डिसेंबर 2012मध्ये दिल्लीत लिलाव झाला. सरदार सिंगला 78 हजार डॉलर. नेदरलँड्सचा टॉइन डी नोयर, ऑस्ट्रेलियाचा जेमी ड्वायर, सगळे थोर लोक यादीत. ‘मुंबई मॅजिशियन्स’चे प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ, संघात चार पाकिस्तानी खेळाडू, त्यांत एक महंमद तौसिक. 8 जानेवारी 2013 रोजी नियंत्रण रेषेवर भारतीय जवानाचा शिरच्छेद झाला. 13 तारखेला चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमवर, मुंबईचा संघ सराव करत असताना, शिवसैनिकांनी निदर्शने केली. 14ला लीग सुरू झाली आणि 15ला लीगमधल्या नऊच्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवण्याचा निर्णय झाला. या नऊ जणांनी काय केले होते? काहीच नाही. जवानाच्या हत्येवरचा संताप अगदी खरा होता, पण ज्यांच्यावर तो काढला गेला ते हातात काठी घेऊन सरावाला आलेले पोरगे होते. लीगची पहिली ठळक बातमी गोलाची झाली नाही.

पुढच्याच वर्षी, 13 डिसेंबर 2014, भुवनेश्वर, चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना. पाकिस्तानने शेवटच्या क्षणी 4-3 असे भारताला हरवले. पाकिस्तानी खेळाडूंनी शर्ट काढले, प्रेक्षकांकडे वळून अश्लील हातवारे केले. त्यांत तौसिक होता. हे समर्थनीय नाहीच. तिकीट काढून आलेल्या कुटुंबांपुढे कोणी असे वागू नये. पण आंतरराष्ट्रीय महासंघाने आधी नुसती समज दिली. हॉकी इंडियाचे अध्यक्ष नरिंदर बत्रा यांनी यापुढे स्पर्धा भरवणार नाही अशी धमकी दिली, तेव्हा एका रात्रीत तौसिक आणि अमजद अली यांच्यावर एका सामन्याची बंदी आली, म्हणजे दोघे अंतिम सामन्याला मुकले. गुन्हा तोच, पुरावा तोच, निकाल दोन. मैदानावर हिरवे कार्ड दोन मिनिटांचे, पिवळे किमान पाचचे, लाल म्हणजे सामन्याबाहेर, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. मैदानाबाहेर मात्र शिक्षा आवाज किती मोठा यावर ठरली. खेळाडूंनी एक संध्याकाळ नासवली, महासंघाने आपला निकालच स्वस्त केला.

2015 साली गुरबाज सिंगला संघात गट पाडल्याच्या आरोपावरून नऊ महिने बाहेर ठेवले. त्याला न्यायालयात जाऊन दिलासा मिळवावा लागला. 2017नंतर लीग थांबली. कोणत्या खेळाडूच्या बेशिस्तीमुळे? कोणाच्याच नाही.

चांगले उदाहरणही आहे, ते लीगबाहेरचे आहे. नोव्हेंबर 2019मध्ये दिल्लीत नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात पंजाब पोलीस आणि पंजाब नॅशनल बँकेच्या खेळाडूंनी एकमेकांना हॉकी स्टिकने बदडले. भर टर्फवर, कॅमेऱ्यापुढे. चित्रफीत जगभर फिरली. याहून वाईट जाहिरात हॉकीला कोणी केली नसेल. पण या वेळी हॉकी इंडियाच्या शिस्तपालन समितीने सुनावणी घेतली, अकरा खेळाडूंना सहा ते अठरा महिन्यांची बंदी घातली, व्यवस्थापकांनाही सोडले नाही, संघांवर वेगळी कारवाई केली आणि हे सगळे नावानिशी जाहीर केले. प्रकरण दोन आठवड्यांत संपले. आज ते आठवणारा माणूस शोधावा लागेल. नेगीचे सात गोल चाळीस वर्षांनीही लोकांच्या ओठावर आहेत. फरक तिथे आहे.

बर्फावरच्या हॉकीचा देश कॅनडा, त्याचीही हीच कहाणी. 2018च्या युवा संघातल्या खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाचे प्रकरण हॉकी कॅनडाने पैसे देऊन मिटवल्याचे 2022 साली बाहेर आले. त्यासाठी वापरलेल्या निधीत लहान मुलांच्या नोंदणी शुल्काचा पैसा होता हे कळल्यावर पालक खवळले, टिम हॉर्टन्ससारखे प्रायोजक दूर झाले, ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकाऱ्यासह अख्ख्या संचालक मंडळाला जावे लागले. 2025 साली न्यायालयाने पाचही आरोपी खेळाडूंना निर्दोष सोडले. मंडळाला मात्र लोकांनी केव्हाच दोषी ठरवले होते, आणि तेही लपवाछपवीबद्दल.

हॉकी इंडिया लीग डिसेंबर 2024मध्ये पुन्हा सुरू झाली. हरमनप्रीत सिंगला 78 लाख रुपये, महिलांची लीग पहिल्यांदाच, सामने राउरकेला आणि रांचीला. पुरुषांत बंगाल टायगर्स आणि महिलांत ओडिशा वॉरियर्स जिंकले. आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता, मध्य प्रदेशाचाही नव्हता. महूच्या छावणीजवळ काठी घेऊन धावणाऱ्या पोराला ‘आपला’ म्हणावा असा संघ नाही.

लीगच्या चालकांना इंदूरहून एक मागणे आहे. पुढचे प्रकरण होईल तेव्हा, आणि ते होईलच, कारण तरुण रक्त आणि मोठा पैसा एकत्र आल्यावर काहीतरी घडतेच, तेव्हा आरोप काय, सुनावणी कधी झाली, निकाल काय आणि कशावरून, एवढे एका कागदावर लिहून आठवड्याभरात जाहीर करा. खेळाडू दोषी असेल तर शिक्षा करा. नसेल तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा.